पुसलेलं कडं

महाकाय तारा म्हणजे शेजाऱ्यांना स्वस्थ बसू न देणारा प्राणी. त्याच्या वाऱ्याने आणि प्रखर उजेडाने भोवतालचा वायू, धूळ, सगळं दूर लोटलं जातं आणि कडेला त्याची कड्यासारखी गोल रास साचते. पुढे त्या राशीतच नवे तारे जन्मतात. आम्ही अभ्यासत असलेल्या ताऱ्याभोवती असं कडं असणारच, हे मी कित्येक वर्षं घसा कोरडा करून सांगत होते. आज संचालकांसमोर पडद्यावर चित्र आलं, आणि ताऱ्याभोवती काहीच नव्हतं. नुसता काळोख.

चित्रं साफ करायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. वेधशाळेत त्याची नोकरी तात्पुरती, आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही हे आजच ठरणार होतं. पण माझं डोकं फिरलं.

"कडं कुठे गेलं? पुसलंस तू?"

"हो."

"अक्कल गहाण ठेवली होतीस का?" सगळ्यांदेखत मी त्याला फाडून खाल्लं.

आणि बोलता बोलताच मला आठवलं. तेजस्वी ताऱ्याभोवती कॅमेऱ्याच्या काचांमुळे खोटी वर्तुळं उमटतात. वर्तुळ दिसलं की पुसायचं, दर वेळी मला विचारत बसायचं नाही, हा माझाच हुकूम. तरी गेल्या आठवड्यात तो विचारायला आला होता. "ताई, दुर्बीण जरा सरकवली तरी हे ताऱ्यापासून हलत नाही. खोटं असतं तर हललं असतं ना?" मी मानही वर न करता म्हणाले होते, "पूस म्हटलं ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा सगळं सांगणार, म्हणून मी टेबलाकडे बघत राहिले.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मूळ चित्र जपून ठेवलंय. कडं आहे त्यात." आणि तो बाहेर निघून गेला.

माझं कडं वाचलं म्हणून मी आधी सुटकेचा श्वास सोडला. मग त्या श्वासाचीच लाज वाटली.

"अशा माणसाला ठेवता यायचं नाही," संचालकांनी पेन उचललं.

"थांबा." मी टेबलावरची नजर उचलली. "पुसायला मीच सांगितलं होतं. तो नको म्हणत होता."

"मग त्यांनी चूक स्वतःवर का घेतली?"

"सवय आहे त्याला," मी म्हणाले. "लहानपणापासून माझ्या वाटणीची बोलणी तोच खातो. आणि मी खाऊ देते."