ज्याचं त्याचं पान

उन्नती वाचायची तेव्हा तिचं बोट आवाजाच्या थोडं पुढे चालायचं. ओळ संपली की बोट पुस्तकाच्या कडेला जाऊन थांबायचं, मागून आवाज यायचा आणि मग दोघं मिळून खालच्या ओळीवर उतरायची. मृणाली टीचरनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सवय समजली. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिनं ओळ झाकेल अशी पट्टी ठेवली. उन्नती पट्टीवरूनही तितकंच छान वाचत गेली.

एका मुलीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, एवढं बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेल्या मृणालीला ठाऊक होतं. तिनं भाविकच्या हातात पुस्तक उलटं दिलं. भाविकनं ते उलटंच धरून, ताठ उभं राहून, एकही चूक न करता वाचलं आणि शेवटी "थँक यू" म्हटलं. थँक यू पुस्तकात नव्हतं, ते शाळेनं शिकवलं होतं.

अंजूरच्या गोडाउनांमधल्या या चर्चच्या शाळेत दुसरीच्या प्रत्येक मुलाला जूनमध्ये इंग्रजीच्या पुस्तकातलं एक पान मिळायचं. ते त्याचं पान. जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये रीडिंग डे व्हायचा आणि प्रत्येक मूल पालकांसमोर आपलं पान वाचायचं. शाळेचं नाव पार दापोड्यापर्यंत पोचलं होतं ते या दिवसामुळे. ज्यांच्या शेतांवर गोडाउनं उभी राहिली त्यांची मुलं आणि त्याच गोडाउनांत हमाली करणाऱ्यांची मुलं इथं एका बाकावर बसत. वाचता दोघांनाही येत नव्हतं. शाळेत भेदभाव नव्हता.

मुख्याध्यापिका सिस्टर ऑरेलिया मनानं चांगल्या होत्या. "आधी मुलांना धीट होऊ दे, वाचन मागून येतं," असं त्या म्हणायच्या. मृणालीनं मागे वळून बरेचदा पाहिलं. काही येताना दिसलं नाही.

एकदा फाटकाशी ट्रक थांबला होता. तिनं भाविकला विचारलं, "मागे काय लिहिलंय रे?"

"हॉर्न ओके प्लीज," भाविक ट्रककडे पाठ करून म्हणाला.

"बघून सांग."

"बघायला कशाला पायजे, टीचर? सगल्या ट्रकवर तेच असतं."

सिस्टरना सांगायचं असं तिनं गणपतीच्या सुट्टीनंतर ठरवलं. मग परीक्षा आली. मग दिवाळी. डिसेंबरात कॅरलच्या तालमी चालू असताना असला विषय काढणं बरं दिसलं नसतं. आणि मग रीडिंग डेच आला. जूनमध्ये ही मुलं तिसरीत जाणार होती. तिसरीत पानं वाटून देत नसत. तिथं गणितसुद्धा वाचून सोडवायचं असे. आता कुणी बोललं नाही तर मुलं तशीच वर सरकणार होती, एकेक पान घेऊन.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत उन्नतीचे आजोबा हिरामण आणि आजी धोंडूबाई बसले होते. उन्नतीनं सशाचं पान वाचलं. टाळ्या पडल्या. बाकीच्यांचंही नीट पार पडलं. फक्त प्रितेशला गालफुगी झाली होती, त्यामुळे विहिरीचं पान तेवढं राहिलं.

"उन्नती वाचेल," सिस्टर कौतुकानं म्हणाल्या. "आमची सगळ्यात हुशार मुलगी."

उन्नतीनं पुस्तकाकडे पाहिलं, मग मृणालीकडे. "टीचर, हे पान माझं न्हाय," ती हळूच म्हणाली.

"वाच बाळा, वाच," सिस्टर म्हणाल्या.

उन्नतीनं विहिरीचं चित्र लोकांना दाखवलं आणि सशाचं पान पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. आधीपेक्षा जोरात टाळ्या पडल्या. सिस्टरही टाळ्या वाजवत होत्या.

"मगाशीपन रॅबिटच व्हता ना?" धोंडूबाईनं विचारलं.

"गप बस. इंग्लिशमदी रॅबिट लय असतान," हिरामण म्हणाले.

एवढ्या टाळ्या पडूनही उन्नती हसली नाही. ती जागेवर आली आणि पुस्तक मांडीखाली घेऊन त्याच्यावर बसली. मृणालीला ते दिसलं.

"आता मृणाली टीचर पालकांना आपली पद्धत समजावून सांगतील," सिस्टर म्हणाल्या आणि माइक तिच्या हातात दिला.

मृणालीनं माइक चालू आहे ना ते तपासलं. चालू होता.

"माझ्या वर्गात एकाही मुलाला वाचता येत नाही," ती म्हणाली.

"काय बोलताव, टीचर? पोरीनं आताच दोन पानं वाचलीन," हिरामण उठून उभे राहिले.

"एकच पान होतं, आजोबा. तिला ते पाठ आहे. मुलगी हुशारच आहे, पण तिला वाचायला आम्ही शिकवलेलंच नाही."

हॉलमध्ये कुणीतरी सवयीनं एक टाळी वाजवली आणि हात आवरले.

"मृणाली," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "हे आपण ऑफिसात बोलू."

"ऑफिसात बोलायचं मी गणपतीपासून ठरवतेय, सिस्टर." तिचा आवाज वर्गात असायचा तेवढाच होता. तिनं माइक पुन्हा तोंडाशी धरला. "दुसरीत यापुढे कुणाला पान मिळणार नाही. सोमवारपासून मी सगळ्यांना अक्षरांपासून शिकवणार आहे. इंग्रजीत समजलं नाही तर मराठीत सांगेन, हिंदीत सांगेन. आणि आजचा हा रीडिंग डे धरायचा नाही."