काचेच्या पेटीतली कुऱ्हाड

मी एक जुनी कुऱ्हाड आहे आणि मला स्वतःची किळस येते. मित्रांनो, असं पहिल्याच वाक्यात सांगू नये हे मला कळतं. पण या सिनेमाच्या संग्रहालयात काचेला नाक चिकटवून तुम्ही शाळेची मुलं ज्या कौतुकाने माझ्याकडे बघता, ते मला सोसवत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

जन्माने मी कुऱ्हाड नाही. शाळेच्या एका बसखाली, मागच्या चाकाशी, पोलादी पाट्यांची कमान होती. तिच्यातला एक पाटा म्हणजे मी. रस्त्यात खड्डा आला की दणका आम्ही खायचा आणि वरच्या मुलांचे डबे सांडू द्यायचे नाहीत, एवढंच आमचं काम. एकोणीस वर्षं ते केलं. कुणी कौतुक केलं नाही, कारण आम्ही खाली आहोत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ते दिवस चांगले होते.

बस भंगारात गेली आणि तिथून मला सिनेमावाल्यांनी उचललं. सिनेमा जग बुडाल्यानंतरचा होता. शहरं ओसाड, पाणी संपलेलं, आणि उरलेली माणसं काय करतात, तर एकमेकांची डोकी फोडतात. कुणी विहीर खणत नाही, कुणी चूल मांडत नाही. सगळं बुडालं होतं, नायकाच्या केसांचं तेल तेवढं वाचलं होतं. गोदामातल्या फळ्यांवर माझे सोबती मांडलेले होते: खिळे ठोकलेली बॅट, स्कूटरच्या सायलेन्सरचा भाला, जेवणाचे काटे जोडून केलेला पंजा. त्यातली प्रत्येक वस्तू कधीकाळी कुणाच्या तरी उपयोगाची होती. खोटं रक्त म्हणजे साखरेचा लाल पाक. तो आमच्या अंगावर वाळायचा आणि त्यावर मुंग्या चढायच्या.

लोहाराने मला तापवून, ठोकून धारदार पातं केलं, मी पडद्यावर चमकावं म्हणून. हुबेहूब माझ्यासारखी एक रबराची कुऱ्हाडही बनवली. नायकाच्या चेहऱ्याशेजारी मिरवायचं असेल तर मी, आणि कुणाला मारायचं असेल तर ती. ओळखू यावं म्हणून माझ्या दांड्यावर पांढरी पट्टी होती.

आम्हाला सांभाळायला एक बाई होत्या. मारामारीतला एक जण, प्रत्येक सिनेमात पहिल्या पाच मिनिटांत मरणारा, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो ताई म्हणे, म्हणून सगळेच ताई म्हणत. ताईंचा एक नेम होता. हत्यार नटाच्या हाती देण्याआधी, ज्याला ते लागणार त्याच्यासमोर, त्या ते स्वतःच्या मांडीवर हाणून दाखवत. तो माणूस मान हलवी, मगच काम सुरू होई.

"ताई, जरा हळू मार की," भाऊ एकदा म्हणाला.

"हळू मारून काय कळणार? तो काय तुला हळू मारणार आहे?"

नायकाला रबराची कुऱ्हाड आवडेना. "खेळणं धरल्यासारखं वाटतं," तो कुरकुरला. लगेच तिच्या दांड्यात शिसं भरून तिचं वजन माझ्याएवढं केलं. पट्टी पडद्यावर दिसते म्हणून रंगाऱ्याने तीही चिखलाच्या रंगाने बुजवली. वर दोघींना असा कडक थर दिला की बोटाने दाबूनही फरक कळेना.

"मग मी ओळखायचं कशावरून?" ताईंनी विचारलं.

"दोन दिवस राहिलेत, ताई. भागवून घ्या," दिग्दर्शक म्हणाला.

ताईंनी दोन टेबलं मांडली. उजवीकडे मी, डावीकडे ती. शेवटच्या दिवशी नायक मला घेऊन आरशासमोर ऐट करत बसला आणि परत ठेवताना मला डाव्या टेबलावर टाकून गेला. थोड्या वेळाने तिथूनच त्याने मला उचललं. ताईंचा भाऊ मान पुढे करून गुडघ्यांवर बसला होता. ऊन उतरत होतं.

"तपासायचं राहू द्या, थेट घ्या आता," दिग्दर्शक म्हणाला. मला सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

ताई मध्ये आल्या. "आधी इकडे द्या."

"रोज रोज काय ते," नायक वैतागला.

"रोजच," ताई म्हणाल्या. त्यांनी मला घेतलं, भावाकडे बघितलं आणि नेहमीच्या जोराने स्वतःच्या मांडीवर हाणलं.

मी हाडापर्यंत गेले.

ताई खाली बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "तू आधी तिथून ऊठ."

भाऊ त्यांना गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. दिग्दर्शक मागे उभा राहून माती बघत होता. "खरं रक्त इतकं काळपट असतं होय?" तो रंगाऱ्याला म्हणाला. "आपला पाक फारच लाल होतोय." मग काम एक दिवस वाढवलं, पाकात कॉफी घातली, दुसऱ्याच कुणाला तरी गुडघ्यांवर बसवलं आणि तो प्रसंग उरकला. त्याच प्रसंगाला लोक सर्वांत जास्त शिट्ट्या मारतात.

ताई आता काठी घेऊन चालतात. गोदाम भाऊ सांभाळतो आणि प्रत्येक हत्यार स्वतःच्या मांडीवर हाणून मगच देतो. एकदा दोघं मला बघायला आले होते. पेटीखाली पाटी आहे: 'याच कुऱ्हाडीने नायकाने एकशे सात शत्रू लोळवले.' ताईंनी ती सावकाश वाचली. "आणि एकशे आठवी मी," त्या म्हणाल्या. भाऊ हसला नाही.

मित्रांनो, दणका स्वतःवर घेणं हे माझं काम होतं. त्या दिवशी ते ताईंनी केलं, आणि दणका मी होते. म्हणून मला स्वतःची किळस येते.

तुमची बस दाराबाहेर उभी आहे. इथून मला तिचा मागचा भाग दिसतो. ती डावीकडे कलली आहे, म्हणजे एखादा पाटा तुटला असणार. जाताना चालककाकांना तेवढं सांगा. आणि माझ्याविषयीही एक शब्द टाका. पाटा होण्याएवढं पोलाद आता माझ्यात उरलेलं नाही, पण तापवून घेतलं तर निदान बोल्टाखालची चकती, म्हणजे वायसर तरी होईन.