मागच्या सीटचं माप

मोटरसायकल द्यायचं ठरवून टाकलं, असं आमचे हे म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. देणार कोणाला, तर समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला. कधी, तर आज संध्याकाळी. मला विचारायची काही पद्धत? त्या गाडीची मागची सीट लग्नापासून माझी आहे.

कारण होतं म्हणा. यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागले, जिने चढायला लागले, पण गुडघा काही पूर्वीसारखा दुमडेना. आमच्या गाडीला पाय ठेवायला रुंद फूटबोर्ड आहेत. उजव्या बोर्डावर पाय ठेवला की गुडघा नको तितका वर यायचा आणि हे ओठ आवळायचे. मागच्या आठवड्यात उभ्या गाडीवर बसून पाहिलं, तर पाय वर घेताना तोल गेला आणि गाडीसकट कुंपणावर आडवे. लागलं काही नाही, पण मनाला लावून घेतलं. तेव्हापासून खिडकीशी बसून असायचे. माझ्याशी भांडायचेसुद्धा बंद झाले, आणि तेच मला सहन होईना.

मी शिवणकाम करते. माणसाचं अंग बदललं की आम्ही कपडा उसवतो आणि नव्या मापाने शिवतो. मग गाडीला काय धाड भरलीय? जेवणं उरकली तशी मी दिरांना फोन लावला. मागच्याच गल्लीत त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे.

"भाऊजी, फूटबोर्ड पुढे सरकवता येतात का?"

"पुढे येतात, खाली पण घेता येतात. पण दादा ऐकणार आहे का?"

"तुमच्या दादाला मी बघते. तुम्ही ड्रिल काढून ठेवा."

भाऊजींनी गाडी ढकलत वर्कशॉपात नेली आणि मागून हे कुरकुरत आले. देऊन टाकायच्या गाडीवर कशाला मेहनत, म्हणे. मी लक्षच दिलं नाही. त्यांना स्टुलावर बसवलं, गुडघा दुखायच्या जरा अलीकडे थांबवला आणि बुटाखाली खडूने रेघ मारली. पुठ्ठा कापून मांडीपासून टाचेपर्यंतचा नमुना तयार केला. भाऊजींनी गाडी मेन स्टँडवर घेतली आणि पुठ्ठा सीटला लावून पाहिला. बोर्ड बराच पुढे आणि खाली जाणार होता.

"मग ब्रेकचं पेडल मागे राहील, वहिनी. तेही पुढे घ्यावं लागेल."

"घ्या की मग. बघताय काय?"

पट्टी कापली, भोकं पाडली, ठिणग्या उडाल्या. हे आधी तोंड फिरवून बसले होते. मग मान वळली, मग स्टूल जवळ आलं, आणि मग म्हणाले, "टाचेकडची बाजू किंचित खाली ठेव रे, ब्रेकवर पाय सरळ पडेल." माणूस परत बोलायला लागला होता.

बोर्ड बसला. हे एकटेच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, तेही सगळे दात दाखवत.

"गुडघा आहे हेच विसरलो गं."

मला कुठला धीर निघतोय. टेप गळ्यात टाकली आणि टुणकन मागे बसले. टुणकन म्हणजे माझ्या परीने. निघालो, कोपऱ्यावर गाडी कलली आणि खालून खर्रर्र असा आवाज आला. बोर्ड रस्त्याला घासत होता. यांनी गाडी सावरली आणि हळूहळू परत आणली. उतरले, तेव्हा चेहरा पार पडलेला.

भाऊजी डोकं खाजवत म्हणाले, "एकट्याने चालवलीस तर नाही घासणार, दादा."

"एकट्याने मला जायचंय कुठे?" हे म्हणाले. "राहू दे. किल्ली कंपाउंडरला देऊन टाक."

इतकी वर्षं मला वाटायचं, गाडी ही यांची हौस आणि मी तिच्यावरचं सामान. आणि हा माणूस माझ्यावाचून गाडीच नको म्हणत होता.

"भाऊजी, मी बसल्यावर का घासली?"

"गाडी जरा... दबते ना, वहिनी."

"माझ्यामुळे दबते, असं सरळ बोला."

ते खाली बघायला लागले आणि मी कपाळावर हात मारून घेतला. पँटचं माप घेताना मी गिऱ्हाइकाला न चुकता विचारते की खिशात काय काय ठेवता. मोबाईल, किल्ल्या, पाकीट, सगळ्याला जागा सोडते. आणि नवऱ्याचं माप घेताना मी त्याच्या मागे बसणारी बाईच धरली नव्हती. ती बाई मी असून.

"गाडी स्टँडवरून काढा," मी म्हटलं. "आम्ही दोघं बसतो. आता घ्या माप."

आम्ही बसलो आणि भाऊजी चक्क जमिनीवर आडवे झाले. बोर्ड वर घेतला तर गुडघा दुखणार, म्हणून थोडाच वर आणि आणखी पुढे नेला. बाहेरचा कोपरा कापून गोल केला. पेडल पुन्हा जुळवलं. हे मधेच म्हणाले, "हलू नकोस, माप चुकेल." मी श्वास रोखून बसले, नवी नवरी बसावी तशी.

पुन्हा निघालो. कोपरा आला, गाडी कलली, मी डोळे मिटले. काही नाही, नुसतं इंजिन वाजत होतं. पुढच्या वळणावर यांनी मुद्दाम जास्त कलवली, वात्रट मेले. मी ओरडले आणि हे हसले. किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

घरापाशी आलो, तर फाटकात कंपाउंडर नवं हेल्मेट घेऊन उभा. माझा जीव खालीवर झाला, कारण हे बोलल्या शब्दाला फार जपतात. यांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"माफ कर रे बाबा, तुला उगीच आशा लावली," हे म्हणाले. "गाडी नाही देता येणार. हिला बसायला लागते."

मी यांचा शर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि यांनी गिअर टाकला.