थरथर माझी, बोल त्यांच्या हातांना

मित्रांनो, गाडी पुसताना लोक काचा पुसतात, दिवे पुसतात, पण माझ्याकडे कोणी वाकूनही पाहत नाही. म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी ब्रेक डिस्क आहे, पुढच्या चाकाआड बसणारी बिडाची जाड चकती. चालकाने ब्रेक दाबला की ब्रेकपॅड मला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, मी तापते आणि गाडी थांबते. हे काम चुकले तर बाकी साऱ्या गाडीचा थाट व्यर्थ आहे.

मला भट्टीत वितळवले, साच्यात ओतले आणि घासून गुळगुळीत केले. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! मी आले ती पेंटरकाकांच्या गाडीत. काका दुकानांच्या पाट्या रंगवत. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. शिडी टपावर, डबे मागे, आणि आम्ही दिवसभर हिंडायचो. काका ब्रेकही ब्रशसारखाच हलक्या हाताने दाबायचे. मी फार सुखात होते.

पुढे ब्रेकपॅड झिजले. मी किंचाळू लागले, तर काकांनी काच वर केली. "जुनी गाडी, कुरकुरायचीच," म्हणाले. पॅडचे उघडे पडलेले लोखंड मला ओरबाडू लागले. शेवटी कोणीतरी घाईघाईत नवे पॅड बसवून दिले, पण माझे तोंड कसे झाले आहे ते पाहिले नाही. मी कुठे जाड, कुठे पातळ झाले होते. ब्रेक दाबला की मी थरथरायचे, आणि ती थरथर स्टिअरिंगमधून थेट काकांच्या तळव्यांत जायची.

काकांनी गाडीवर संशय घेतलाच नाही. त्यांनी स्वतःच्या हातांवर घेतला. त्यांचे थोरले भाऊही पेंटरच होते. त्यांचे हात असेच थरथरायला लागले, आणि शेवटी चहाचा कपही त्यांना धरवेना. सिग्नलला थांबलो की काका बोटे पसरून बघायचे आणि पुटपुटायचे, "दादासारखंच चाललंय माझं."

मी ओरडणार कशी? मला ओरडायला ब्रेकच लागायचा, आणि मी जितकी ओरडायचे तितके त्यांचे हात हलायचे! भीतीने तर कोणाचीही बोटे कापतात. एका बेकरीची पाटी रंगवताना त्यांची रेघ वाकडी गेली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. मग शिडीवरून उतरून, हातांचे नाव न घेता, बेकरीवाल्याला म्हणाले, "डोळे गेले हो माझे, दुसरा कोणी बघा." त्यानंतर शिडी टपावर चढली नाही.

एकदा त्यांची लेक शेजारी बसली होती. घरासमोर गाडी थांबली तशी ती म्हणाली, "बाबा, तुमचे हात थरथरतायत."

"थंडी आहे."

"घाम फुटलाय तुम्हाला, आणि म्हणे थंडी! किल्ली द्या इकडे. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ, गाडी मी चालवते."

एरवी गाडीला हात लावू न देणाऱ्या काकांनी किल्ली निमूट दिली. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी उतारावर लेकीने ब्रेक दाबला आणि तिच्याच हातांत स्टिअरिंग थडथडले. ती चपापली. तिने पुन्हा दाबून पाहिला. मग दवाखान्याचा रस्ता सोडून तिने गाडी सरळ गॅरेजमध्ये घातली.

"नेहमी थरथरते, की ब्रेक दाबल्यावरच?" मेकॅनिकने विचारले.

"ब्रेक दाबल्यावरच," काका मागून हळूच म्हणाले. हे त्यांना इतके दिवस ठाऊक होते!

मेकॅनिकने मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला. स्टिअरिंग शांत. "चाकांचं बॅलन्सिंग ठीक आहे." हळूच हँडब्रेक ओढला, तरी शांत. "मागच्या चाकांचे ब्रेकही ठीक." मग पायाने ब्रेक दाबला आणि मी थडथडले. चाक उतरवून त्याने माझ्या चरांवरून नख फिरवले, माझी जाडी जागोजागी मोजली आणि बॅटरीचा उजेड पाडला. मला तडा गेला होता.

"अशीच चालवली असती तर एखाद्या उतारावर फुटली असती. आजार हिला झालाय, काका. तुम्हाला नाही."

काकांनी मला दोन्ही हातांनी उचलले. मी चांगलीच जड आहे, पण त्यांचे हात जरासुद्धा हलले नाहीत. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, मी नुसते तुमचे हातच बघत बसले हो," म्हणत तिने किल्ली पुढे केली.

काकांनी ती घेतली नाही. "तूच चालव, पोरी. मला माझी खात्री वाटत नाही आता."

तेव्हापासून मी गॅरेजमागच्या भंगारात गंजत पडले आहे. ती गाडी अधूनमधून इथे येते. लेक चालवते, काका शेजारी हात मांडीखाली दाबून बसतात. मित्रांनो, गाडी कुरकुरली तर काच वर करू नका. आणि आपल्या माणसाचे हात थरथरताना दिसले, तर त्या हातांत काय आहे तेही बघा. माझ्या जागी नवी डिस्क त्याच दुपारी बसली. काकांची खात्री मात्र कोणालाच बसवता आलेली नाही.