तुडर बीवनची पाठ

या, जवळ सरका. चहा ओतून घ्या, बिस्किटांचा डबा त्या खुर्चीवर आहे. आज एका माणसाची गोष्ट सांगते. गोड नाही, पण अर्ध्यावर उठू नका.

ल्युटनच्या आमच्या वेल्श चॅपेलात तुडर बीवन माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आमचे पाद्रीबाबा आधी नुसते बोलतात. बोलता बोलता सूर चढतो आणि शेवटी प्रवचन गाऊ लागतं. तिथवर आलं की माझ्या डोळ्यांना धार लागायची, आणि मागून तुडर कुजबुजायचा, "ऑलवेन, बघ, बाबांनी क्लच सोडला!" देवाच्या घरात असं हसू येऊ नये, पण यायचं.

तरुणपणी त्यानं घरामागच्या शेडमध्ये नळ्या जोडून स्वतःची ड्रॅगस्टर, म्हणजे सरळ रेषेत सुसाट पळणारी शर्यतीची गाडी, बांधली होती. बाणासारखी लांबलचक, चालक पुढे आणि इंजिन त्याच्या पाठीला चिकटून. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत. श्वास घेतला तोवर संपली. त्या गाडीत तुडरनं इंजिनाचा एकही काटा बसवला नव्हता. लोक म्हणत, "अरे, तेल कमी झालं तर कळणार कसं?" हा म्हणे, "माझी पाठ सांगते." आणि सांगायचीही. पुढे बायको अंथरुणाला खिळली तेव्हा गाडी विकली. बायको गेली, गाडीही गेली.

बऱ्याच वर्षांनी ती नायजेल हॅन्सकमकडे आली. गालिच्यांच्या तीन दुकानांचा मालक, हौशी माणूस. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात या गाड्या आता पळवत नाहीत. रांगेत उभ्या करून नुसती इंजिनं पेटवतात, धुराच्या नळ्यांतून जाळ निघतो, लोक कान झाकून टाळ्या वाजवतात. आणि रिवाज असा, की त्या वेळी गाडीत तिचा जुना चालकच बसायचा. नायजेलनं फोन केला, "बीवनसाहेब, जागा तुमचीच आहे."

तुडर तेव्हा एक्याऐंशीचा. डॉक्टरांनी हृदयाबद्दल हात टेकले होते, पुढचा उन्हाळा दिसेल असं काही कुणी म्हणत नव्हतं. मला म्हणाला, "एकदा पाठीला ती लागू दे, ऑलवेन. मग देवानं हाक मारली की चाललो."

मीच त्याला घेऊन गेले. गाडी पाहताच त्याचं तोंड सुटलं. "हा रंग कुणी दिला? आइस्क्रीम विकायला काढलीय का हिला?"

नायजेलचा मेकॅनिक बॅझ फस्सकन हसला. आजूबाजूचेही हसले. नायजेलही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. बॅझला बाजूला घेऊन काहीतरी बोलला, मग बॅझ शेजारच्या गाडीकडे गेला.

तुडरला आगीपासून वाचवणारा पोशाख चढवला, कानांत बोळे, तोंडावर मुखवटा, वर हेल्मेट. पट्टे इतके आवळले की मान वळेना. "घट्ट नाही ना, आजोबा?" बॅझनं विचारलं.

"आवळ रे. तुला तुझ्या आईनं कडेवरही घेतलं नव्हतं तेव्हापासून बसतोय मी हिच्यात."

रांगेतली इंजिनं पेटली. जमीन थरथरली, नायट्रो इंधनाच्या धुरानं डोळे झोंबले. बॅझनं मागून सांगाडा दोन्ही हातांनी गदागदा हलवला. तुडरनं पायडल दाबलं, बॅझनं बोट वर केलं, आणि शेजारची गाडी गरजली. पाय सुटला, बोट खाली, ती शांत. पुन्हा दाबलं, पुन्हा गरजली.

मी दोरीपलीकडे उभी होते. शेजारच्या नळ्यांतून जाळ निघत होता. तुडरच्या नळ्यांतून धुराची रेघसुद्धा नव्हती. मला कळलं तशी मी बोंबलले, "तुडर! उतर! अरे, फसवतायत तुला!" त्या गदारोळात काय ऐकू येणार? त्यानं मला हात हलवताना पाहिलं, आणि आनंदानं अंगठा उंचावून दाखवला.

मग एकेक करून सगळी इंजिनं बंद झाली. तुडरचा पाय मात्र पायडल दाबतच होता. लोक हसू लागले. बॅझनं त्याचं हेल्मेट उतरवलं, कानांतले बोळे काढले. नायजेलच्या हातात माइक.

"आजोबा, पाय दुखेल हो! इंजिन मार्चमध्येच विकलं. मागे नुसतं रिकामं खोकं आहे. तुमची पाठ काय म्हणते?"

पुन्हा हशा. काहीजण आपल्या बुटांकडे पाहू लागले.

तुडरला उतरायला मीच हात दिला. त्यानं मागे जाऊन इंजिनावर टकटक केली. पत्रा वाजला. तो नायजेलला एवढंच म्हणाला, "मला वाटलं, चालू आहे."

"म्हणून तर मजा आली!" नायजेल म्हणाला.

शेजारच्या गाडीची चालक मॉरीन धावत आली. रडवेली झाली होती. "आम्हाला सांगितलं होतं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणून. देवाशपथ, काका! चला, आमच्या गाडीत बसा. हिच्यात इंजिन आहे, हात लावून बघा, पोळेल. हवं तेवढा वेळ चालू ठेवते."

तुडरनं त्या तापलेल्या इंजिनाकडे नुसतं पाहिलं. हात लावला नाही.

"नको, पोरी. आज मी शपथेवर सांगितलं असतं, की माझीच गर्जतेय. आता खऱ्या गाडीत बसलो तरी मला कसं कळायचं?"

ती विनवत राहिली. तो आगीचा पोशाख उतरवून नीट घडी घालत बसला.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात तो गेला. त्याच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांचा सूर खूप वर चढला होता. नायजेलनं मोठा पुष्पगुच्छ पाठवला होता.

तर बाबांनो, एक मागणं आहे. रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा तुडर बीवनची आठवण ठेवा. नायजेलचीही ठेवायला हवी, छळणाऱ्यांसाठीही प्रार्थना करा असं प्रभूनं सांगितलंय. मला अजून जमत नाही, तेवढं तुम्ही करा.