एका वेळी एकच प्रश्न

"शीर्षकात टीव्हीचा रिमोट आणि खाली बायको. लोकांनी सेल सुचवायचे की डॉक्टर?" रोहनने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं. तो उत्कर्षाचा वरिष्ठ, आणि जन्म सदाशिव पेठेतला, त्यामुळे साधं विचारणं त्याला जमत नसे.

ऑफिसही त्याच पेठेत, एका फ्लॅटमध्ये होतं. वेबसाइटवर लोक प्रश्न विचारत, लोकच उत्तरं देत. शीर्षक एक आणि मजकूर भलताच, असे प्रश्न दुरुस्त करणं हे उत्कर्षाचं काम. ते ती इतकं मन लावून करायची, की घरी आई बोलता बोलता दुसऱ्या विषयावर गेली तरी तिला खटकायचं.

हा प्रश्न खडकीच्या दशरथ वाघमारे यांचा होता. कारखान्यातून निवृत्त झालेले. पहिल्या दोन ओळी रिमोट चालत नसल्याच्या. मग लिहिलं होतं, "हिरा तो पिठाच्या डब्यात ठेवते. संध्याकाळ झाली की मला माझ्या घरी सोडा म्हणते. हेच तिचं घर आहे. अशा माणसाला कसं सांभाळावं?"

नियमाप्रमाणे उत्कर्षाने प्रश्नाचे दोन भाग केले. रिमोटचा लगेच प्रसिद्ध केला. दुसऱ्याला शीर्षक सुचेना आणि मैत्रिणी खाली स्कूटरवर खोळंबल्या होत्या, म्हणून तो बाजूला ठेवला. सोमवारी नवे प्रश्न आले आणि तो राहूनच गेला.

रिमोटला तीन उत्तरं आली. दशरथरावांनी तिन्हींखाली आभार मानले.

तीन आठवड्यांनी त्यांचा नवा प्रश्न आला. शीर्षक होतं, "घरातलं माणूस हरवल्यास काय करावे?" खाली हिराचं वय, साडीचा रंग, काल संध्याकाळपासून घरी नाही, पोलिसांत कळवलं आहे, आणि घरचा फोन नंबर. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

उत्कर्षाने जुने प्रश्न उघडून पाहिले. बाजूला ठेवलेला भाग तसाच पडून होता. दाराला वरून कडी लावा, तिच्या पदराला नंबर शिवा, एवढं तरी कुणीतरी सांगितलं असतं. आपण निव्वळ आळस केला, हे तिला स्वच्छ कळलं आणि स्वतःची लाज वाटली. तिने नवा प्रश्न सगळ्यात वर लावला आणि गॅलरीत जाऊन नंबर फिरवला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "सापडली का?"

"नाही, मी वेबसाइटवरून बोलतेय. तुमचा मागचा प्रश्न... त्यातला अर्धा माझ्याकडून..."

"ते माझंच चुकलं, ताई," दशरथराव म्हणाले. "नंतर नियम वाचले मी. एका वेळी एकच विचारायचं असतं. आता नीट लिहिलंय ना?"

"नीट आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मग ठेवतो, राग मानू नका. कुणाचा तरी फोन येत असेल, लाइन मोकळी पाहिजे."

त्यांनी फोन ठेवला. माफी मागायला पुन्हा लावावा, तर तेवढा वेळ त्यांची लाइन अडली असती.