आवाज नसलेला कॅमेरा

“जुना द्यायचा नाही,” मी म्हणाले.

विष्णूभैयांनी हातातला पुसायचा कपडा तसाच धरून ठेवला. काउंटरवर आमचा नऊ वर्षांचा जुना कॅमेरा होता आणि त्याच्या शेजारी नवा, मिररलेस, जवळजवळ अर्ध्या वजनाचा. गेले सहा महिने ओंकार दर शनिवारी टावर चौकातल्या ह्या दुकानात येतो, नवा नुसता हातात धरतो आणि ठेवून परत जातो, हे मला आजच विष्णूभैयांकडून कळलं होतं. नवरा मला वाटतो तेवढा मला माहीत नाही.

“तेजू, एक्सचेंजमध्येच जमतंय ते,” ओंकार आवाज उतरवून म्हणाला. “दोन-दोन कॅमेरे घेऊन मी काय दुकान लावू?”

“मग नवा नको घेऊस.”

“भाभीजी, शौक के लिए महंगा तो है, झूठ नहीं बोलूंगा,” विष्णूभैया म्हणाले. “शादीवाला हो तो एक सीजन में निकाल ले. भैया को तो इससे कुछ कमाना नहीं. पर चिड़ियावालों को यही लगता है. आवाज नहीं करता ना.”

तेच तर. ओंकारला आवाज नसलेला कॅमेरा हवा होता, आणि मला आवाजाचा.

ओंकार वीज कंपनीच्या कचेरीत बिलांच्या तक्रारी लिहून घेतो. आठवडाभर लोकांची बोलणी खातो आणि रविवारी पहाटे उंडाशाच्या तलावावर जाऊन पालथा पडतो. एखाद्या पाणकोंबडीकडे अर्धा तास सरकत जायचं, श्वास रोखायचा, आणि पहिल्याच फोटोला कॅमेरा खट्‌कन वाजला की ती उडालीच. त्याच्याकडे उडून गेलेल्या पक्ष्यांच्या शेपट्यांचे शेकडो फोटो आहेत. ह्याशिवाय त्याला दुसरा शौक नाही, पान नाही, तंबाखू नाही. त्यामुळे त्याला नको म्हणताना माझा जीव तुटत होता.

पण ते ‘खट्‌’ मला सोडता येत नव्हतं.

आमची निहारिका चौदा महिन्यांची आहे. निहूला ऐकू येतं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं. नवव्या महिन्यात लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, घंटी वाजवली, मग एक चिठ्ठी लिहिली. इंदूरला कानांची तपासणी होते, बाळ झोपलेलं असताना करतात. “देर मत करना,” त्या म्हणाल्या. “जितना छोटा बच्चा, उतना फायदा.”

कुकरची शिट्टी झाली तरी निहू दचकत नसे. वाऱ्यानं दार आपटलं तरी झोपलेली असे. मी दिवसातून दहादा तिच्या पाठीमागे जाऊन हाक मारायचे, चमचा वाजवायचे. पुढे पुढे मीच ते बंद केलं. विचारलं नाही की उत्तर येत नाही.

आणि मग तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शोध लावला. आमच्या नानाखेड्याच्या घरात आतली खोली अंधारी आहे, खिडकीला शेजाऱ्यांची भिंत लागून. तिथे निहू खेळत होती आणि ओंकार फोटो काढत होता. पहिल्या खट्‌ला निहू खेळण्यात. दुसऱ्या खट्‌ला तिनं मान वळवली आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसली.

“वळली की नाही?” तात्या म्हणाले. “पुन्हा काढ.”

पुन्हा काढला. पुन्हा वळली. मी खालीच बसले.

तेव्हापासून तो आमचा रोजचा खेळ झाला. ओंकार कचेरीतून आला की हात-पाय धुवायच्या आधी कॅमेरा. तात्या शेजारच्यांना बोलावून जोडीचे फोटो दाखवायचे, एकात निहूचा गाल, पुढच्यात दोन्ही डोळे. “डॉक्टर लोकांचं काय, मशीन घेऊन ठेवलंय तर चालवायला नको? ओंकारपण तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता बघा, तरी कुठे बोलतो.”

इंदूरची तारीख दोनदा पुढे ढकलली. पहिल्यांदा तात्यांनी. दुसऱ्यांदा मी. “वो सुनती है, हमने देखा है,” असं मीच फोनवर सांगितलं, भाजी ढवळता ढवळता. पलीकडची मुलगी “ठीक है मैडम” म्हणाली.

दुकानात हे सगळं कसं सांगणार. मी नुसती जुन्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर हात ठेवून उभी होते.

“ऐसा करो,” विष्णूभैया शेवटी म्हणाले, “ये डेमोवाला है. दो दिन घर ले जाओ, चलाके देखो. पुराना भी अपने पास रखो. दिल माने तो बात करेंगे, नहीं तो चाय पिके जाना.”

रविवारची दुपार होती. बाहेर ऊन रटरटत होतं, आतल्या खोलीत पडदा ओढलेला, कूलर बंद, कारण वीज गेलेली. वीज कंपनीत नवरा असल्याचा आम्हाला एवढाच फायदा, की शेजारी येऊन आम्हाला विचारतात. निहू चटईवर बसून डब्याचं झाकण लावत होती, काढत होती. तात्या दारात खुर्ची टाकून वारा घेत होते.

“ह्यात असं काय आहे म्हणे?” त्यांनी विचारलं. “माझ्या मोबाइलमध्ये चंद्रसुद्धा येतो. तुझ्यात काय सूर्य येणार आहे?”

ओंकार हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. कॅमेरा डोळ्याला लावून तो निहूच्या बाजूला चटईवर पालथा पडला, तलावावर पडतो तसा. मी निहूकडे बघत राहिले. थोड्या वेळानं तिनं मान वळवली, हसली, पुन्हा झाकणाकडे गेली.

“काढ की,” मी म्हणाले.

“काढतोय. पंचवीस झाले.”

“वाजला कुठे?”

“वाजतच नाही तो. तेच तर सांगतोय कधीचं. बघ, कशी बघतेय माझ्याकडे.” त्यानं कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन माझ्यासमोर धरला. निहूचे दोन्ही डोळे सरळ आमच्याकडे. पापण्यांचे केस मोजता येतील इतके स्वच्छ. पहिल्या फोटोत गाल, पुढच्यात डोळे. गाल, डोळे. तिचा इतका सुंदर फोटो आमच्याकडे दुसरा नाही.

“ओंकार, आवाज नव्हता ना?”

“नाही ना.”

“मग ती वळली कशाला?”

ओंकारनं कॅमेरा उचलून भिंतीकडे धरला आणि बटण अर्धवट दाबलं. समोर, लेन्सच्या बाजूला, मुगाएवढा नारिंगी दिवा लागला.

“अंधारात फोकस घ्यायला लागतो तो,” तो समजावायच्या सुरात सांगू लागला. “सगळ्यांना असतो. जुन्यालापण...” आणि वाक्य तिथेच राहिलं.

इतके महिने ओंकारचा डोळा कॅमेऱ्याच्या मागे होता. तात्यांचे आणि माझे डोळे निहूच्या चेहऱ्यावर होते, ती वळते का ते बघायला. कॅमेऱ्याच्या समोरून फक्त निहू बघत होती.

“जुना काढ,” मी म्हणाले.

“तेजू, राहू दे.”

“काढ ना.”

त्यानं जुना आणला. बॅटरी घातली. मी त्याच्या शेजारी बसले आणि पुढच्या दिव्यावर अंगठा दाबून धरला. खट्‌. निहू झाकण लावत होती. खट्‌, खट्‌. झाकण काढलं. ओंकार गुडघ्यावर सरकत तिच्या पाठीमागे गेला, मी अंगठा न काढता त्याच्याबरोबर सरकले. तिच्या कानाजवळ, वीतभर अंतरावर. खट्‌. खट्‌. खट्‌. तिच्या मानेवरचं जावळ घामानं चिकटलं होतं, त्यातला एक केससुद्धा हलला नाही.

“काय रे, वळली ना?” तात्यांनी दारातून विचारलं. मग ते उठून आले. माझा अंगठा बघितला, ओंकारचं तोंड बघितलं. “पुन्हा करून बघा,” ते म्हणाले. “दुपार आहे, सुस्तावली असेल.”

ओंकारनं पुन्हा केलं. दहादा, पंधरादा केलं. मग कॅमेरा खाली घेतला, आणि आवाज बंद झाल्यावर खोलीत नुसता झाकणाचा आवाज राहिला.

मी समोर येऊन अंगठा उचलला. ओंकारनं बटण दाबलं. दिवा लागला आणि निहू लगेच वर बघून हसली, दोन्ही हात पुढे केले. तिला वाटलं असेल, आज खेळ सुरू करायला ह्या लोकांनी फार उशीर लावला.

तात्या चटईवर तिच्याजवळ बसले. सत्तर वर्षांच्या माणसाला असं धपकन बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. “मीच तारीख पुढे ढकलली,” ते म्हणाले.

“एकदा तुम्ही. एकदा मी,” मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही. खरं होतं.

पाच महिने. डॉक्टरीणबाईंनी ‘देर मत करना’ म्हटल्यापासूनचे पाच महिने आम्ही दिव्याला आवाज समजून घालवले. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि नळाखाली तोंड धरलं. ओंकार मागे येऊन उभा राहिला.

“हा आणायलाच नको होता घरी,” तो म्हणाला.

“मग आपण अजून वर्षभर फोटोच काढत बसलो असतो.”

त्यानं नळ बंद केला, त्याच्या शर्टाच्या बाहीनं माझं तोंड पुसलं आणि खिशातून मोबाइल काढला. रविवार होता, इंदूरला कोणी फोन उचलणार नव्हतं. तरी त्यानं लावला. वाजू दिला.

सोमवारी तिसऱ्यांदा तारीख मिळाली, बुधवारची. संध्याकाळी तो नवा कॅमेरा परत करून आला.

“काय म्हणाले विष्णूभैया?”

“विचारलं, कैसा लगा.”

“मग?”

“मी म्हटलं, अच्छा है. सब दिखा देता है.”

बुधवारी सकाळी नानाखेड्याहून बस धरली. तिकडून सांगितलं होतं, बाळाला वाटेत झोपू देऊ नका, इथे आल्यावर झोपायला हवी. आम्ही तिला पहाटेच उठवलं होतं. सांवेर मागे पडेपर्यंत निहूचे डोळे मिटू लागले.

“निहू, ए निहू,” मी हाक मारली आणि उरलेली तोंडातच राहिली. मग तळपायाला गुदगुल्या केल्या. बाटलीतलं पाणी बोटांवर घेऊन गालांना लावलं. ती कुरकुरली आणि पुन्हा पेंगायला लागली.

पलीकडच्या सीटवर मांडीवर गाठोडं घेतलेली एक म्हातारी बसली होती. “सोने दे ना बाई बच्ची को,” ती म्हणाली. “नींद में है बेचारी.”

“सोने नहीं देना है, माँजी. इंदौर में जाँच है.”

“अच्छा, तो ऐसा बोल.” तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवायला लागली. “ओ गुड़िया, ओ रानी, इधर देख.” चुटक्या वाजवल्या, बांगड्या वाजवल्या, जिभेनं टक्‌ टक्‌ केलं. “देखती नहीं रे. बड़ी घमंडी छोरी है तेरी.”

ओंकार खिडकीबाहेर बघत होता. माझ्याकडे अशा वेळची उत्तरं तयार असत. दमलीय, तंद्रीत आहे, नव्या माणसाला बुजते. कितीतरी बायकांना दिली होती.

“इसको सुनाई नहीं देता,” मी म्हणाले.

ओंकारनं खिडकीकडून मान वळवली. निहूची दोन्ही पावलं आपल्या ओंजळीत घेतली.

म्हातारीचे हात टाळीच्या मधेच थांबले. मी तिच्या ‘अरेरे’ची वाट बघत होते. ते आलं नाही. ती सीटची दांडी धरून आमच्याकडे वाकली, निहूच्या गालाला बोट लावलं, निहूनं डोळे उघडले तशी पदर तोंडावर ओढून घेतला आणि एकदम बाजूला करून जीभ बाहेर काढली. निहू बघत राहिली. पुन्हा पदर, पुन्हा जीभ, ह्या वेळी डोळे तिरळे करून. तिसऱ्यांदा निहू हसली, पोटातून, किंचाळल्यासारखी, आपला आवाज केवढा आहे ह्याची काही कल्पना नसलेली.

पुढच्या चार रांगांमधली माणसं वळून बघू लागली.